घरी काडतुसं भरायला सुरुवात करतोय. काय घेऊ, काय टाळू?

ओहायोकर

नमस्कार मंडळी,

चार वर्षं नुसता वाचतोय, आज पहिला धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ओहायोत, कोलंबसच्या जवळ राहतो. ग्रीन कार्ड आल्यावर ऑफिसातल्या एकाने रेंजवर नेलं आणि चस्का लागला. माझ्याकडे ९ एमएम पिस्तूल आहे, महिन्यातून दोनदा रेंजवर जातो. शिवाय हरणाच्या मोसमासाठी ४५-७० ची लिव्हरवाली रायफल घेतली. आमच्या राज्यात हरणाला सरळ पुंगळीच्याच (म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं तोंडाशी निमुळतं नसलेल्या) रायफली चालतात, म्हणून ही आजोबांच्या काळातली वाटणारी बंदूक.

४५-७० चा वीस काडतुसांचा डबा घेताना हात थरथरतो. रेंजवरचा म्हातारा म्हणतो, "रिकाम्या पुंगळ्या फेकू नकोस, घरी भर." तेव्हापासून व्हिडिओ बघतोय आणि जितकं बघतोय तितका गोंधळ वाढतोय. एक म्हणतो सिंगल स्टेज प्रेस (काडतूस भरायचं दांड्याचं यंत्र, एका वेळी एकच काम करणारं) घे, दुसरा म्हणतो थेट प्रोग्रेसिव्ह (एका ओढीत बरीच कामं करणारं) घे, नाहीतर पस्तावशील. ह्यात पैसे खरंच वाचतात का? तळघरात जागा आहे, पण घरात पाच वर्षांची मुलगी आहे. बायको अजून "बघू" वर आहे.

कोणी मराठी माणूस हे करतो का?

---

निवांत_बसलेला

शीर्षकातलं "घरी... भरायला... काय घेऊ" इतकंच वाचून, प्यायची दारू समजून धावत आलो. अपेक्षाभंग झाला. तरी बसतो.

---

तात्या_टेक्सास

करतो की. बावीस वर्षं झाली.

ओहायोकर, प्रेस नंतर. आधी पुस्तक घ्या. लायमन, हॉर्नडी, स्पीअर, कोणतंही एक मॅन्युअल, जमलं तर दोन. पुढची पावडरची कोष्टकं तूर्त सोडा, सुरुवातीची शंभरेक पानं दोनदा वाचा. व्हिडिओतला माणूस मधली पायरी कापून टाकतो, पुस्तक कापत नाही.

काम तसं सोपं आहे. काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, बुडाला प्रायमर (ठिणगी देणारी टिकली), आत पावडर, तोंडाशी गोळी. बार उडाला की तीन जातात, पुंगळी उरते, आणि चौघांत महाग तीच. तिचा जुना प्रायमर काढायचा, डायमध्ये (प्रेसवरच्या साच्यात) दाबून तिला मूळ मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, तोंड जरासं फाकवायचं, पावडर मोजून घालायची, गोळी बसवायची आणि तोंड आवळायचं. करंज्या केल्या असतील तर क्रम ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की करंजीत सारण दुप्पट झालं तर ती तळणीत फुटते, हे तोंडापासून फूटभरावर फुटतं.

म्हणून माझं मत सिंगल स्टेज. एका वेळी एकच डाय, एकच काम. पन्नास पुंगळ्यांचे आधी प्रायमर काढा, मग पन्नासांना नवे बसवा. पावडर घातली की सगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करा आणि गोळी बसवायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येकीत डोकवा. एकीची पातळी वर-खाली दिसली तर ती ओता आणि परत मोजा. कंटाळा येईल. येऊ दे.

---

सदाफुली

तात्यांचा मान राखून थोडं वेगळं मत.

मी ॲरिझोनात प्रॅक्टिकल पिस्तूल स्पर्धा खेळते. एका मॅचला सव्वाशे-दीडशे गोळ्या लागतात, सराव वेगळा. सिंगल स्टेजवर ९ एमएम भरायला बसलात तर तासाला पन्नास-साठ होतील, आणि तिसऱ्या महिन्यात प्रेस ऑनलाइन विकायला काढाल. मी काढली होती.

मधला रस्ता आहे: टरेट प्रेस. चारही डाय वरच्या चकतीत बसलेले असतात, दांडा ओढला की चकती फिरते. पहिल्या महिन्यात चकती फिरवणारी सळई काढून ठेवा, म्हणजे ती सिंगल स्टेजच झाली. हात बसला की परत लावा.

सुरुवातीलाच प्रोग्रेसिव्ह नको, इथे तात्यांशी सहमत. दांड्याच्या एका ओढीत चार-पाच कामं एकदम होतात आणि नवख्याचं लक्ष नेमकं पावडरच्या जागी नसतं.

---

चहाबाज

वाचनखूण साठवली. आयुष्यात बंदूक धरलेली नाही, धरणारही नाही, पण करंजीची उपमा आवडली.

---

पितळखोर

पैशांचं मी सांगतो. वहीत लिहून ठेवतो, कोकणस्थ आहे.

९ एमएम: प्रायमर ७-८ सेंट, गोळी १० च्या आसपास, पावडर ३. झाले २०-२१ सेंट. दुकानातलं साधं काडतूस मला २३-२५ ला पडतं. म्हणजे हजार भरलीत तर तीस-चाळीस डॉलर वाचले, पंधरा तास गेले. ह्याहून जास्त मजुरी शेजारच्या अंगणातलं गवत कापून मिळेल.

४५-७०: शिशाची गोळी ३० सेंट, मोठा रायफल प्रायमर ९-१०, आणि पावडर इथे चांगलीच लागते, एका पौंडात साधारण दीडशे बार, म्हणजे ३० सेंट. एकूण सत्तर सेंट. दुकानात हेच काडतूस दोन-सव्वादोन डॉलरच्या खाली बघितलेलं नाही. इथे प्रेसचे पैसे तीन-चारशे बारांत निघतात.

म्हणून ओहायोकर, ९ एमएम विकत घ्या आणि ४५-७० भरा. त्यासाठी सिंगल स्टेज पुरते, वाद मिटला.

(मिटणार नाही, माहीत आहे.)

आणि हो, पैसे वाचतात ही थाप आहे. बार स्वस्त झाला की माणूस तिप्पट उडवतो. माझा वर्षाचा खर्च तोच आहे, खांदा मात्र दुखतो.

---

सदाफुली

@पितळखोर, २०२० च्या टंचाईत दुकानात ९ एमएम मिळतच नव्हती, तेव्हा तुमची वही काय म्हणत होती? आमच्या क्लबात ज्यांच्याकडे जुने प्रायमर शिल्लक होते तेच खेळत होते.

---

पितळखोर

वही म्हणत होती की हजाराला तीस डॉलरचे प्रायमर आधीच घेऊन ठेवायला हवे होते. 🙁

---

गुंजभर

वजनाबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. आमचं घराणं सोनारांचं, सांगलीकडचं. मी इथे प्रयोगशाळेत काम करतो, पण तराजू रक्तात आहे.

ह्या छंदात सगळं ग्रेनमध्ये मोजतात, पावडरही आणि गोळीही. एका पौंडात ७,००० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, कारण इंग्रजांनी १८३३ मध्ये आपला तोळा ठरवला तो बरोब्बर १८० ग्रेनचा. बारा मासे एक तोळा, आठ गुंजा एक मासा, म्हणजे ९६ गुंजांचा तोळा. हिशेब केलात तर एक गुंज पावणेदोन ग्रेनच्या किंचित वर येते. रायफलीची १८० ग्रेनची गोळी सर्रास मिळते, म्हणजे तोळाभर शिसं आणि तांबं. आजोबा असते तर म्हणाले असते, घडणावळ किती लावली?

मुद्दा असा की ९ एमएमचा अख्खा बार दोन-तीन गुंजांत उरकतो. तिथे अर्ध्या ग्रेनची चूक म्हणजे चिमूट नव्हे, मूठ. डिजिटल काटा स्वस्तातला घेऊ नका. घेतलात तर सोबत तपासणीची वजनं घ्या आणि दर वेळी सुरुवातीला व मध्ये एकदा ठेवून बघा. पंख्याचा, हीटरचा झोत काट्यावर नको. माझ्याकडे जुना दांडीचा काटा आहे. मंद आहे, पण बॅटरी उतरली म्हणून खोटं बोलत नाही.

---

निवांत_बसलेला

गुंजभर, तुमचं सदस्यनाम आज समजलं.

---

कोपरगावकर

४५-७० साठी माझ्याकडे एक मस्त लोड आहे. पावडर [काढून टाकले], वजन [काढून टाकले]. बेधडक वापरा, मी पाचशे उडवलेत.

---

व्यवस्थापक

वरच्या प्रतिसादातलं पावडरचं नाव आणि वजन काढलं आहे. ह्या धाग्यावर कोणीही भाराचे आकडे देऊ नयेत. त्यासाठी छापील मॅन्युअल आहेत आणि पावडर बनवणाऱ्यांची संकेतस्थळं आहेत.

---

कोपरगावकर

अहो मदत करत होतो.

---

तात्या_टेक्सास

कोपरगावकर, राग मानू नका. पण ४५-७० च्या बाबतीत हे काढलं ते फारच बरं झालं. का ते सांगतो, ओहायोकरांनी नीट वाचा.

हे काडतूस १८७३ चं, अमेरिकी लष्कराचं. नावातला ७० म्हणजे सत्तर ग्रेन काळी दारू. त्या वेळची वरून झाकण उघडणारी ट्रॅपडोअर रायफल नाजूक होती, आणि ती आजही लोकांकडे आहे. मग तुमच्यासारख्या आधुनिक लिव्हरच्या रायफली आल्या, त्या जास्त दाब सोसतात. तिसरा प्रकार भक्कम एकबारी रायफलींचा, त्यांना आणखी जास्त चालतो. काडतूस तेच, माप तेच, पण मॅन्युअलमध्ये त्याची तीन वेगवेगळी कोष्टकं असतात. तिसऱ्या कोष्टकातला आकडा पहिल्या बंदुकीत घातलात तर बंदूक हातात फुटेल. कोपरगावकरांनी पाचशे कशातून उडवले ते त्यांनी लिहिलंच नव्हतं.

म्हणून आधी आपली बंदूक कोणत्या गटातली ते बघा, मग पान उघडा. तळाच्या आकड्यापासून सुरू करा. वरचा आकडा गाठायचं काही बक्षीस नसतं.

दुसरं, तुमच्या रायफलीत काडतुसं नळीत एकामागे एक झोपतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकतं. म्हणून टोकदार धातूची गोळी नको, चपट्या तोंडाची हवी. धक्क्याने गोळी आत सरकू नये म्हणून तोंडही नीट आवळलेलं हवं.

---

कोपरगावकर

मान्य. माझी एकबारी आहे. लिहायला हवं होतं.

---

ओहायोकर

बाप रे. तीन कोष्टकांचं एकाही व्हिडिओत ऐकलं नव्हतं. (किंवा ते कापलेल्या भागात होतं.) लायमनचं मॅन्युअल आजच मागवलं. सगळ्यांचे आभार, चालू द्या.

---

वकिलीण

ओहायोकरांकडे ग्रीन कार्ड आहे, तेव्हा त्यांचा प्रश्न नाही. पण हा धागा एच-१बी आणि विद्यार्थी व्हिसावरची मंडळीही वाचत असणार, म्हणून लिहिते.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक तर नाहीच, काडतूसही बाळगता येत नाही. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्यातरी राज्याचा वैध शिकार परवाना. तो संपला की अपवादही संपला. "रूममेटची आहे, मी नुसती टेबलावर भरायला मदत करतो" हे उत्तर न्यायाधीशासमोर पांगळं पडतं.

स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायला बसलात तर लागतो. मित्राला "पावडरचे पैसे दे फक्त" म्हणून डबे भरून देणं टाळा. कायद्याचं एक असो, त्याची बंदूक फुटली तर त्याच्या बायकोला काय सांगणार?

---

सिलिकॉनवाला

माझा एक मित्र एच-१बी वर पाच वर्षं रेंजवर जातोय, काही झालं नाही.

---

वकिलीण

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचा असा एक मित्र असतो, ज्याला काही झालेलं नाही.

---

वकिलीण

आणखी एक राहिलं. भारतात जाताना रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. शिवणीत अडकलेलं एक काडतूस दिल्ली-मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवायला पुरतं. "मला माहीतच नव्हतं" हा बचाव न्यायालयं अनेकदा मान्य करतात, पण तोवर सुट्टी संपते, कधी नोकरीही. पुंगळीची किल्लीसाखळी भाच्याला भेट वगैरे तर नकोच.

---

रानडुक्कर

विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या आजोबांकडे सावंतवाडीकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता, ठासणीची बंदूक. नळीत वरून दारू ओतायची, काथ्या ठासायचा, छर्रे घालायचे, परत ठासायचं, कानावर केप बसवायची. डुकरं भाताच्या खाचरात शिरली की एक बार. डुक्कर मेलेलं मी कधी पाहिलं नाही, पण शेजारच्यांचे कुत्रे आठवडाभर दिसत नसत.

म्हणजे बार हाताने भरणं आपल्याला नवं नाही. काडतूस आलं आणि आपण विसरलो.

---

चिकित्सक_बुवा

भारतात हा छंद करता येईल का? पुण्यात बालेवाडीला रेंज आहे, कोल्हापुरात तर नेमबाजांची खाणच.

---

वकिलीण

परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा फार कडक झाली आहे. घरी प्रेस लावून बसण्याचा विचारही नको.

---

सदाफुली

शिवाय कोल्हापूरच्या ज्या नेमबाजांची तुम्ही आठवण काढताय त्यांच्या काडतुसांना हे लागूच नाही. स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्य ५० मीटर रायफलमधलं. तेजस्विनी सावंतचं २०१० चं विश्वविजेतेपदही ५० मीटरचंच. राही सरनोबत २५ मीटर पिस्तूल. ही सगळी पॉइंट टू-टूची (०.२२ इंची बारीक काडतुसाची) मंडळी. त्या काडतुसाला वेगळा प्रायमर नसतो, स्फोटक बुडाच्या काठातच भरलेलं असतं. काठ एकदा चेपला की पुंगळी संपली.

ते लोक भरत नाहीत, निवडतात. एकाच कंपनीचे वेगवेगळे बॅच आपल्या नळीतून उडवून बघायचे, ज्याचा गट घट्ट येईल तो बॅच घ्यायचा.

---

तिरसट

रोज कुठल्यातरी शाळेत गोळीबार होतो त्या देशात राहून आपली माणसं तळघरात काडतुसं बनवतायत आणि इथे करंजीच्या उपमा चालल्यात. धन्य.

---

तात्या_टेक्सास

तिरसट, तुमचा मुद्दा खोटा नाही. माझी मुलगी शिक्षिका आहे, वर्गाचं दार आतून लावायचा सराव मुलांकडून करून घेते. आमच्या घरात ह्यावर जेवताना भांडण होतं. तरी मी दर शनिवारी रेंजवर जातो. ह्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

---

व्यवस्थापक

ह्या विषयावर स्वतंत्र धागा काढावा. इथे मूळ प्रश्नाकडे वळूया.

---

मिरजकर_मामी

मूळ प्रश्नातली पाच वर्षांची मुलगी सगळे विसरलेत, म्हणून लिहिते. मी लहान मुलांच्या विभागात परिचारिका आहे. मला बंदुकीतलं कळत नाही, शिशातलं कळतं.

शिसं फक्त गोळीत नसतं. नेहमीच्या प्रायमरच्या मिश्रणातही असतं आणि उडालेल्या पुंगळीच्या आत त्याची काजळी राहते. यजमानांचे एक मित्र पुंगळ्या मक्याच्या भुशात फिरवून साफ करायचे, यंत्र कपडे धुण्याच्या खोलीत, झाकण उघडं. ती धूळ कपड्यांवर, कपडे बाळाच्या अंगावर. रक्तात शिसं सापडलं तेव्हा कुठे उलगडा झाला. मुलांसाठी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही लक्ष देण्याची रेघ आहे, आणि ती काही फार वर नाही.

तेव्हा भुशाचं यंत्र घराबाहेर. काम झालं की आधी थंड पाण्याने आणि साबणाने हात, मग मुलीला घेणं. तळघरात चहा-चिवडा नाही. तिथल्या चपला तिथेच. मुलीच्या पुढच्या तपासणीला शिशाची चाचणी मागून घ्या, तुमचीही करा. स्वयंपाकघरातलं एकही भांडं, ओव्हन, मिक्सर, चाळण तिकडे जाणार नाही.

बायको "बघू" म्हणत्येय ना? तिला हा प्रतिसाद दाखवा.

---

ओहायोकर

दाखवला. "ह्या बाई कोण, मला फोन नंबर दे" म्हणाली. 🙂

---

पितळखोर

मामींना +१. म्हणून मी ओली धुलाई करतो. पिंपात पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि स्टीलच्या बारीक सुया. दोन तास फिरवलं की पुंगळ्या देवघरातल्या समईसारख्या. धूळ नाही.

मग वाळवण. डेकवर आईची जुनी साडी अंथरून उन्हात पसरतो. कुरडया घातल्यासारख्या. शेजारची गोरी बाई दोन वर्षं बघत होती, शेवटी विचारलंच, हे खायचं असतं का?

---

मिरजकर_मामी

ती साडी परत कुरडयांना वापरू नका म्हणजे झालं.

---

चहाबाज

पितळ म्हटलं की चिंच किंवा पितांबरी. ती चालेल का?

---

खडकीचा_पोर

चिंचेचं आम्ल एकवेळ ठीक. पण ज्या पॉलिशात अमोनिया असतो ते पुंगळीला कधीही लावायचं नाही. ह्याची गोष्ट आपल्याकडचीच आहे.

इंग्रजांच्या फौजेत पावसाळ्यात हालचाल थंडावायची, तेव्हा काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवत. पावसाळा उलटला की बऱ्याच पुंगळ्यांना आपोआप चिरा गेलेल्या. कोणी हात लावला नव्हता. मोसमात तडकतात म्हणून इंग्रजीत त्याला मोसमी तडा असंच नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि पितळ ओढून पुंगळी करताना त्यात राहिलेला ताण. पुंगळ्या बनवल्यावर हलक्या आचेवर तापवून हा ताण घालवतात.

माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. कारखाना १८६९ चा, अख्खी खडकी त्याच्या भोंग्यावर उठायची. गेल्या वर्षी इथे पेनसिल्वेनियात एका गन शोमध्ये पाच डॉलरच्या खोक्यात .३०३ ची रिकामी पुंगळी मिळाली, बुडावर के एफ. किर्की फॅक्टरी. म्हणजे खडकी. घासाघीस न करता घेतली.

---

तात्या_टेक्सास

वा! पण ती भरायला जाऊ नका, आत दोन भोकं असतील.

---

खडकीचा_पोर

दोनच आहेत. भरायची नाहीच, देव्हाऱ्याशेजारी ठेवलीय.

---

ओहायोकर

दोन भोकं म्हणजे?

---

तात्या_टेक्सास

पुंगळीत टॉर्च मारून बघा. तळाला मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर प्रायमर, डायमधली सुई ते सरळ ढकलून काढते. दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. तिथे सुई घातलीत तर सुई मोडते. नवख्याने बर्डनच्या नादी लागू नये. गंमत बघा, बॉक्सर इंग्रज होता आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिका वापरते बॉक्सर आणि बर्डन चालला युरोपात. दोघांच्या सुना एकमेकांच्या घरी.

---

गुंजभर

प्रेसच्या नावांचंही सांगून टाका तात्या. ते आरसीबीएस म्हणजे काय हे मला दहा वर्षं माहीत नव्हतं.

---

तात्या_टेक्सास

रॉक चक बुलेट स्वेज. रॉक चक हा डोंगरातला खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी. फ्रेड हंटिंग्टनने १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला त्या शिकारीसाठी गोळ्या घडवायचे साचे करायला सुरुवात केली, नाव चिकटलं.

बरं, आता फुसक्या बाराची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा धागा बंद होऊ नये. पाचव्या-सहाव्या वर्षी, हात बसला आहे असं वाटायला लागतं त्या सुमारास. ठोकळ्यात टॉर्च मारायची सवय सुटली होती. भरता भरता पुण्याहून फोन आला, बहिणीशी वीस मिनिटं बोललो, परत बसलो. चार दिवसांनी रेंजवर दणक्याऐवजी 'फुस्स' झालं. पुंगळीत पावडर नव्हती, नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकली.

माझं बोट पुढचा बार उडवायला निघालंच होतं. शेजारच्या लेनमधल्या माणसाने खांदा धरला. उडवला असता तर अडकलेल्या गोळीवर दुसरी आदळली असती आणि नळी फुटली असती. तो माणूस मला नाव न सांगता निघून गेला.

तेव्हापासून भरताना फोन वरच्या मजल्यावर. उठावं लागलं तर प्रेसवरची पुंगळी रिकामी करून उठायचं आणि बसल्यावर पहिल्यापासून. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, उरलेली पावडर त्याच डब्यात परत. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ ही दोन्ही नावं दुकानात एका फळीवर असतात, आकडा तोच, पावडर वेगळी. डबे अदलाबदल झाले तर कोष्टक खोटं पडतं.

---

निवांत_बसलेला

इतकी वर्षं "फुसका बार" राजकारण्यांसाठी वापरत होतो. मूळ अर्थ आज कळला.

---

सदाफुली

साठवणीबद्दल दोन ओळी. घरात धूरविरहित पावडर २० पौंडांपर्यंत मूळ डब्यात ठेवता येते आणि प्रायमर १०,००० पर्यंत, असे अग्निसुरक्षेचे सर्वसाधारण नियम आहेत. तुमच्या गावचे जास्त कडक असू शकतात, विचारून घ्या. पावडर घट्ट बंद लोखंडी पेटीत कोंडू नका, आग लागली तर तीच बॉम्ब होते. कुलूप लावलेलं लाकडी कपाट बरं. प्रायमर त्यांच्या खोक्यातच राहू द्या, हौसेने बरणीत ओतून ठेवाल तर ती बरणी सुतळी बॉम्बाची आजी.

---

ओहायोकर

(साधारण सात आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, क्षमस्व.

शेवटी वापरलेली सिंगल स्टेज घेतली, रेंजवरच्या त्याच म्हाताऱ्याकडून. ९ एमएम विकतच आणतो, पितळखोरांची वही जिंकली. (सदाफुली, मॅच खेळायला लागलो की टरेट.) तळघराला कुलूप, फोन वर, चपला तिथेच. मुलीची चाचणी सुरुवातीलाच केली, आकडा व्यवस्थित आला. बायकोने तपासणीच्या वजनांचा डबा स्वतःहून मागवला.

पहिला दिवस सांगतो. दोन तासांत वीस काडतुसं झाली. पुंगळ्यांना तेल लावायचं असतं हे वाचलं होतं, तरी एक कोरडी गेली आणि डायमध्ये अशी रुतली की काढायला वेगळं साधन आणावं लागलं. ती सोडून वीस. फोटो काढला, बायकोला दाखवला, मनात लाडू.

रात्री झोप येईना. अकराव्या-बाराव्याच्या दरम्यान मुलीने वरून हाक मारली होती, मी "आलो गं" म्हणालो होतो. तेव्हा टॉर्च मारून झाली होती का? नव्वद टक्के झाली होती.

सकाळी वीसही काडतुसं उकलली. हातोडीसारखं साधन मिळतं, त्यात उलटं अडकवून आपटायचं, गोळी आणि पावडर सुटी होऊन पडते. दर वेळी पावडर काट्यावर ठेवली. वीसच्या वीस बरोबर निघाली. परत भरली. काल रेंजवर उडवली, वीसही गेली, म्हाताऱ्याने पुंगळ्या एकेक उचलून प्रायमर तपासले आणि नुसतं "हं" केलं.

---

तात्या_टेक्सास

उकललीत ते वाचून बरं वाटलं. म्हाताऱ्याचं "हं" जपून ठेवा, ते रोज मिळत नाही.

---

पितळखोर

वीस काडतुसं, दोनदा भरली, एक पुंगळी गेली, अडकलेली काढायचं साधन धरून हिशेब टाका बघू. प्रत्येकी किती पडलं?

---

ओहायोकर

टाकला होता. प्रेस धरून साडेअठरा डॉलर.

---

निवांत_बसलेला

गवत कापायला कधी येताय?